तोफेचा एकुलता एक गोळा

दीपगृहाच्या रांगेत एक निवृत्त गाईड उभे होते. तीस वर्षं त्यांनी हे किनाऱ्यावरचं गाव पर्यटकांना दाखवलं होतं. आज पहिल्यांदाच स्वतः तिकीट काढून आले होते. त्यांच्या पुढे दोघी बहिणींची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

"ती तोफ बघ! आयुष्यात एकदाच उडाली."

"कुणावर गं, ताई?"

"शत्रूच्या जहाजावर. पण गोळा गेला भलतीकडे आणि उडालं आपल्याच सेनापतीच्या न्हाणीघराचं छप्पर!"

"अगंबाई! आणि सेनापती?"

"आत! अंगाला साबण लावून! ते ध्यान बघून शत्रू इतका हसला, इतका हसला, की लढायचंच विसरला. किनाऱ्यावर उतरला तो महिनाभर मुक्काम ठोकून राहिला."

"म्हणजे इथला पहिला पर्यटक तोच!"

"मग! त्याच्यासाठीच तर गावात पहिलं लॉज निघालं."

"बास गं, पोट दुखायला लागलं माझं."

गाईडना राहवेना.

"अहो, ती तोफ कधी उडालीच नाही. एकदा पर्यटक जांभया द्यायला लागले, म्हणून ही गोष्ट मी रचली."

"तुम्ही?"

"मीच. सेनापती माझा, न्हाणीघरही माझं."

"काका, या वयात असं दुसऱ्याचं श्रेय लाटू नये. तो बघा नगरपालिकेचा फलक. संगमरवरात कोरलाय सगळा इतिहास."

गाईडनी चष्मा लावला, फलक वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि ते लालबुंद झाले.

"अहो, पण साबण गाळलाय की यांनी!"