शिवण कोणाची?

...नाही हो, रंगाचं काय घेऊन बसलात, निळा दोरा आहे, पिवळाही आहे — अडचण दोऱ्याची नाहीच. अडचण या शब्दाची. सगळ्या शर्टांच्या खिशावर 'सॉलिडॅरिटी' भरून हवंय म्हणता, आणि तेही त्याच शिलाई कारखान्याला, जिथं माझं अर्धं आयुष्य गेलं! किळस येते मला. बसा, बसा, तुम्ही ऑफिसातले, तुमचा काय दोष — पण अर्थ माहितीय का? एकी, एवढंच ना? आम्हालाही तेवढंच वाटायचं. मग एकदा युनियनच्या वकीलबाईंनी कँटीनमध्ये सांगितलं, हा मुळात कोर्टातला शब्द, पार लॅटिनमधून आलेला — दहा जणांनी मिळून कर्ज काढलं, तर सावकारानं कोणाही एकाला धरावं आणि सगळं मागावं. माझा वाटा दिला, मी सुटलो, असं म्हणायची सोय नाही. आम्ही हसलो. हे तर आमच्या लाइनीत रोजचंच!

कसं म्हणजे? माल परत आला की साहेब शर्ट नाचवत यायचे, "शिवण कोणाची?" — आणि अख्खी लाइन उभी. "माझी." "माझी." "माझी." काढणार कोणाला? सगळ्यांना काढलं तर मशिनी काय साहेब चालवणार? चडफडत निघून जायचे बिचारे. बिचारे कसले — जाऊ दे.

आता ती आत पडद्यामागे बटणं लावत बसलीय ना, ती आक्का. सख्खी नाही, शेजारच्या मशीनवरची. मला कात्री धरायला तिनं शिकवलं. हळूहळू डोळे गेले तिचे. आम्ही सांभाळून घेत होतो, पण एकदा डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे — गठ्ठाच्या गठ्ठा तसा शिवून टाकला. हसू नका. साहेब आले, आम्ही उभ्या राहिलो, माझी, माझी — आणि एक जण उठलीच नाही. बसल्या बसल्या बोट दाखवलं. आक्काकडे. संपलं. आक्काला काढलं, तिच्यामागे मीही हातातलं कापड तसंच टाकून निघाले. बाकीच्या? बाकीच्या मुकाट खाली बसल्या. शी! एकीनं बोट काय दाखवलं, सगळ्यांना आपापली चूल आठवली.

काय म्हणालात? इथला पत्ता सुपरवायझर बाईंनी दिला? भरतकामाला असा हात दुसरा नाही म्हणाल्या? — अस्सं. म्हणाली का. — ओळखते ना, न ओळखून सांगते कोणाला, पोटची पोर आहे माझी. बोट दाखवलं ते हिनंच, म्हणून तर हिला ही बढती मिळाली. रोज संध्याकाळी इथंच येते जेवायला. मी ताट वाढते, पण बोलत नाही. आक्का चाचपडत पाणी आणून देते, वर विचारते, दमलीस का गं? — आणि ही कार्टी मान खाली घालून जेवते! हाकलून देईन म्हटलं, तर आक्का माझ्यावरच उखडली. म्हणाली, तिला मशीनवर बसवली कोणी, आपण दोघींनीच ना, मग चूक एकट्या तिची कशी? ती म्हणू शकते. डोळे तिचे गेले, काम तिचं गेलं, तरी म्हणते! मला नाही जमत. माझ्याच पोरीबद्दल नाही जमत, आणि हिनं हा शब्द नेमका माझ्याकडेच भरायला पाठवला — का पाठवला असेल हो?

नको, तुम्ही काही सांगू नका. उचला तो शर्टांचा गठ्ठा, न्या परत. आणि दार हळू ओढा — आक्काला वाटेल पोर आली, उगाच पाणी आणायला उठेल.