पंप उघडू नका

आम्ही मूळचे कोकणातले म्हणे, पण काय सांगू तुम्हाला, कोकण माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नव्हतं, आमचं सगळं इकडे उत्तरेत, नदीकाठच्या दुर्गाघाटावरच, घरात मराठी न् पायरी उतरली की हिंदी. बाबा पूजापाठ करायचे, थोरला भाऊही तेच, मी मात्र डिझेल गाड्यांच्या गराजात गेलो. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही न् हा गाडी शिकतो, लोक हसायचे. बाबा हसले नाहीत, त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं, चांगली दोन वर्षं.

नव्वदचं दशक सरत आलेलं, तेव्हा डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याची व्हॅन आमच्या गराजात आली, परदेशातून दान मिळालेली. ऑपरेशन झालेले म्हातारे पट्ट्या बांधून बसलेले, त्यांना दुपारी गावी पोचवायचं, न् गाडी काही वेग घेईना. इंजिन चालू, पण पॅडल कितीही दाबा, नुसतं घुरघुरतंय. मोठमोठे मिस्त्री सांगून गेले होते, डिझेलचा पंप गेला, पंप खोला.

मी वाकून बघतो तर पॅडलला पंप ओढणारी लोखंडी केबलच नाही, नुसत्या विजेच्या तारा. खोटं कशाला बोलू, घाबरलो. मग डोक्यात आलं, हे तर रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणासारखं, पाय जितका दाबाल तितकी वीज वाढणार, न् ती बघून गाडीतला कम्प्युटर डिझेल सोडणार. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, साहब, पंप मत खुलवाइए. ते म्हणाले, बिगड़ गया तो? मी म्हटलं, अभी तो बस नाप रहा हूँ.

वीज मोजायचा मीटर लावला, पाय हळूहळू दाबला, काटा चढला, न् तारांचा प्लग जरा हलवला की धप्पकन शून्य. म्हणजे पॅडल चांगलं, दोष प्लगात. बॅटरी काढून प्लग सोडवला तर आत हिरवा गंज, ड्रायव्हर रोज पाइपानं गाडी आतून धुवायचा ना. घासलं, पुसलं, पिना आवळल्या, बॅटरी जोडून परत मोजलं, काटा सरळ चढला न् सरळ उतरला. मग पॅडल दाबलं न् इंजिन असं गरजलं की आत बसलेली एक म्हातारी म्हणाली, चलो भइया, घर चलें.

ही गोष्ट माझ्याआधी मंगला गौरीच्या देवळापर्यंत, बाबांच्या कानापर्यंत पोचली. जेवताना बाबांनी पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल विचारलं, त्या पॅडलमध्ये असतं तरी काय रे? मी सांगत राहिलो, दोघांचंही ताट गार झालं.

आता पोरं कम्प्युटर जोडतात, तोच दोष सांगतो, चांगलंच आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, तरी अडलं की मला बोलावतात, बाबूजी, ज़रा देखिए, म्हणतात. मी खुर्चीवर बसून सांगतो. देवानं भरपूर दिलं, तुमचेही हात असेच चालते राहोत.