शेवाळातला प्राणी कुठं निघाला होता?

तुम्हाला खरं वाटायचं नाही, पण संशोधनाला माझा नंबर लागला तो एका वेड्या उत्तरामुळं. तेव्हा मी कुंडलहून एसटीनं सांगलीला बी.एस्सी.ला जात होते. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आपलं काम दाखवायला आम्हा पोरींना प्रयोगशाळेत बोलावलं. भिंतीवरच्या शेवाळात राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्राणी त्या शोधायच्या. त्यांच्या हाताखाली एकीलाच जागा होती, अन् ती मला लय पाहिजे होती.

सूक्ष्मदर्शकात बघून काय दिसलं ते सांगायचं होतं. माझ्या आधीच्यांनी पाय मोजले, इंग्रजी नावंही सांगितली. मग मी डोळा लावला. काचेसारखा एक गुबगुबीत जीव हिरव्या पानांतून सावकाश चालला होता. बघता बघता मी सगळं विसरले.

"काय दिसलं गं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ह्यो कुठंतरी निघालाय," मी बोलून गेले.

पोरी खिदळल्या. मॅडम हसल्या नाहीत. मला बाजूला सरकवून त्यांनी स्वतः डोळा लावला अन् कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"कुठं निघालाय?"

"म्हाईत न्हाई, मॅडम."

"मलापण नाही," त्या डोळा न काढताच म्हणाल्या. "उद्यापासून येत जा. बघू दोघी मिळून."