कोकरांची हाक

आमचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाला, निस्ता माळ, पान्याची बोंब, आन् आमी धनगर, मेंढरंवाली मानसं, तवा गाव म्हंजी आमाला दिवाळीपतूर टेकायची जागा, दिवाळी सरली की मेंढरं निघायची आन् मेंढरामागं आमी निघायचो. माजं नाव मालन. आता तुमी आमच्या आप्पाचं इचारताय, पन काय सांगू तुमाला ताई, मला माज्या बापाचं सोताचं असं लई थोडं ठावं हाय, बाकी जे हाय ते लोकांकडनं मागून आनलेलं हाय. मागून आनलेलं का म्हनीना, हाय तेवडं सांगते, तुमी लिवा.

तर टेंभुर्णीकडं आमची वाट असायची, तिकडं कॅनालचं पानी, रानं मोकळी झाली की शेतकरी सांगावा धाडायचे, आमच्यात बसवा मेंढरं, म्हंजी काय, रातभर मेंढरं त्येंच्या रानात बसायची, लेंड्यांनी रान सुधरायचं आन् ते आमाला जवारी द्यायचे. आई व्हती तवर मी बी संगं असायची. माजं काम कोकरं सांबाळायचं. मोटी मेंढरं आप्पासंगं लांब जायची, कोकरं आन् मी बिऱ्हाडापाशी. मावळतीला आप्पा परत आला की लांबनंच कोकरास्नी हाक द्यायचा, मोट्या मेंढरास्नी येगळी हाक आन् कोकरास्नी येगळी बरं का, जीब टाळूला लावून टुर्रर्र करायचा आन् शेवटाला यो लांबवायचा, लई लांबवायचा. ती ऐकली की कोकरं सुटायची आईकडं, आन् कोकरांमागं मी बी सुटायची. मला नावानं हाक मारल्याली मला याद न्हाय. कोकरांच्या हाकंवर मी येतीयाच की, मंग नाव कशाला.

मी नऊ वर्साची असताना आई गेली, तापानं गेली, वाटंतच गेली. माज्या पाठचा बिरू सात वर्साचा. तवा आप्पानं ठरीवलं, पोरगा चालंल मेंढरामागं, पोरीला कुटं फिरवू, आन् मला सोलापुरात भवानी पेठेत आत्तीकडं आनून सोडली. आत्तीचं घर म्हंजी एक खोली, म्होरं गटार, दिसभर मागाची खडखड. आप्पा मला म्हनला, शाळंत जा, आन् गेला. मागं वळून बघितलं न्हाय. मी दारात हुबी व्हते, मला वाटलं आता वळंल, मंग वळंल, कोपऱ्यावर तर वळंल. न्हाय वळला. तवापास्नं माज्या मनात बसलं ते बसलंच, बापानं मला टाकली. खोटं कशाला बोलू, राग व्हता माजा, लई राग व्हता.

सातवीपतूर शिकले, मंग आत्ती म्हनली बास, आन् शाळंचे ड्रेस शिवायच्या कारखान्यात लागले, हितंच, ह्याच बोळात. कॉलर लावायला मला घेतलं. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी मशीन मिळाली, उजेड चांगला, बाकीच्या बायका जळायच्या. आजूबाजूच्या बायका तेलुगू बोलायच्या, मी बी शिकले मोडकं तोडकं. मेंढरं, माळ, लेंड्या ह्यातलं मी कुनाला काय सांगितलंच न्हाय. इचारलं तर म्हनायची, आमची शेती हाय गावाकडं.

आता त्या दिसाचं सांगते. सांगूच का? सांगते. मी तवा बावीस वर्साची असंन. आप्पाची मेंढरं त्या साली बाळे गावाच्या पुढं कुनाच्या तरी रानात बसली व्हती, हितनं जवळ. बिरूवर मेंढरं टाकून आप्पा अर्ध्या दिसाची सवड काडून पेठंत आला. आत्तीच्या घराला कुलूप. त्येला एवडंच ठावं, लेक ड्रेसच्या कारखान्यात हाय. आता ह्या बोळात, तुमी बघताय की, दर दोन घरामागं मशिनी हायत. कुनाला इचारणार, आन् इचारायला जीब सुटाय पायजे, आमच्या आप्पाला मानसांत बोलायची सवय कुटली. मंग त्येनं काय करावं? बोळाच्या मधोमध हुबा ऱ्हायला, खांद्यावर घोंगडं, हातात काटी, डोक्याला फेटा, आन् मान वर करून कोकरांची हाक दिली. टुर्रर्र... यो.

अवो, बोळातली मानसं थांबली. सायकलवाला उतरला. आमच्या मजल्यावर बायकांनी मशिनी थांबिवल्या आन् खिडकीला लोंबकळल्या, हसाय लागल्या, कोन म्हनली येडं हाय, कोन म्हनली ह्येची शेळी चुकली वाटतं. मालक बी हसला. माजं पाय तर उठलं व्हतं ताई, हाक ऐकल्याबरुबर पाय आपसूक उठलं व्हतं. मी खिडकीतनं बघितलं. आप्पा. आन् मी मान खाली घातली, कॉलर पुढं सरकवली आन् मशीन चालू केली. त्येनं परत हाक दिली न्हाय. थोड्या वेळानं एक बाई म्हनली, गेलं येडं.

त्येच्यावर आमी भेटलो की, न्हाय असं न्हाय. माज्या लग्नात आला, गावच्या जत्रंत भेटायचा, माजा नवरा वारला तवा येऊन बसला. माज्या पोटी लेकरू न्हाय, म्हनला, चल गावाकडं. मी म्हनलं नगं. पन त्या दिसाचं त्यो कदी बोलला न्हाय आन् मी बी बोलले न्हाय. मी मनाला सांगायची, त्येनं मला बघितलंच नसंल, वर कुटं दिसतंय एवडं.

दीड वर्स झालं आप्पाला जाऊन. झोपेतच गेला, त्रास न्हाय झाला. दहाव्याला गावाकडं गेले तर ही मानसं, टेंभुर्णीची, दुधनीची, जीप करून आलेली, फेटेवाली, चष्मेवाली, कुनाला मी वळखत न्हाय आन् कोन मला वळखत न्हाय, आन् जो त्यो माज्या बापाचं सांगतोय आन् डोळं पुसतोय. मी बायकांत बसून ऐकत व्हते. मला वाटलं, हे कुनाच्या बापाबद्दल बोलत्यात? मंग मी ठरीवलं, ह्या मानसांकडं जायाचं. बिरूनं तर महिन्यात मेंढरं इकून टाकली, त्येचा बी दोष न्हाय, पोरं त्येची कंपनीत, मागं चालनार कोन. मंग आप्पाचं आता काय उरलं, तर ही मानसंच की. आन् मला एकच इचारायचं व्हतं. त्येनं मला बघितलं व्हतं का न्हाय.

पैल्यांदा दुधनीला गेले. एक साल दुस्काळात आप्पाची मेंढरं तिकडं गेल्ती. म्हातारं शिवाप्पा म्हनून हायत, मला बघून म्हनले बर्री बर्री, कूड्री, म्हंजी या, बसा, हे मागनं कळलं, मला काय कानडी येत न्हाय, तर ते म्हनले, अगं तुजा बाप तर चांगला कानडी बोलायचा, आमची गाय अडली व्हती तर रातभर कानडीत तिला समजावत बसला व्हता. बघा, माज्या बापाला कानडी येतं हे मला पन्नाशीत कळलं. मी इचारलं, माजं काय बोलायचा का? शिवाप्पानं इचार केला, लई इचार केला, आन् म्हनले, खोटं न्हाय सांगत बाई, मला वाटायचं त्येला एकच पोरगा. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून मी सोलापूर येस्तवर रडले.

मंग पुढच्या सुट्टीला टेंभुर्णी. चौकात चाचं दुकान हाय, त्यो गडी दहाव्याला आल्ता. म्हनला, तुमचे वडील दर साली यायचे, यष्टीच्या टायमाला, मला इचारायचे सोलापूरची कवा हाय, मी सांगायचो, चा प्यायचे, यष्टी यायची, लागायची, मानसं चडायची, हे बघत हुबे. यष्टी गेली की हे बी गेले रानात. एकदा मी म्हनलं बाबा, बसा की एक डाव. तर म्हनले, मेंढरं कोन बघंल. मी चा तसाच ठेवला ताई.

तितनं पुढं नानांच्या वस्तीवर. नानांच्या रानात आप्पाची मेंढरं तीस-पस्तीस वर्सं बसली. नाना आता बोलत न्हाईत, अंथरुणात हायत, पन नानी लई बोलती. मला बघितलं आन् म्हनली, तू मालन. मी म्हनलं, तुमाला कसं कळलं? म्हनली, नाक तुज्या बापाचं, आन् खिडकीत बसून शिवती ती तूच न्हवं?

खिडकीचं कुनी सांगितलं, मी इचारलं. नानी भाकऱ्या थापत व्हती, थापतच बोलली. म्हनली, लई सालं झाली, तुजा आप्पा सोलापूरास्नं आला आन् जेवंना. मी म्हनलं काय झालं, तर म्हनला, वैनी, लेकीला बघितलं. वरच्या मजल्यावर बसती, भल्या मोट्या मशिनीवर. तिनं मान वर केली, मला बघितलं, आन् मान खाली घातली. चुकलं माजं. मानसाला मेंढरावानी हाक मारू नये, मालकाम्होरं पोरीची मान खाली गेली. आता परत न्हाय जायाचा. आन् नानी म्हनली, मंग जेवला, दोन भाकरी खाल्ल्या, आन् येनाऱ्या जानाऱ्याला सांगत सुटला, माजी लेक वरच्या मजल्यावर शिवती, उजेडाला बसती.

मला वाटलं व्हतं एकतर त्येनं बघितलं नसंल, न्हायतर बघून मला शिव्या घातल्या असत्याल. त्येनं चूक सोताच्या अंगावर घेतली असंल हे माज्या डोक्यात कदी आलंच न्हाय. मी नानीला सांगितलं न्हाय की मला लाज वाटल्ती म्हनून. तुमालाच पैल्यांदा सांगतीया.

नानी म्हनली, जाता जाता बघून जा, तुज्या आप्पाचं एक हाय हितं. गोठ्याच्या मागं एक म्हातारी मेंढी, पायानं अधू, शेवटच्या खेपंला चालंना म्हनून आप्पानं नानांकडं ठेवली व्हती. लांब बांधाला चरत व्हती. म्या आजूबाजूला बघितलं, कोन न्हाय. जीब टाळूला लावली. पैल्यांदा आवाजच निगंना, निस्ती हवा. मंग निगाला. टुर्रर्र... यो. ताई, ती मेंढी मान वर करून लंगडत लंगडत आली, त्या पायावर किती बेगीनं आली. माज्या हाताला नाक लावलं, हुंगलं. आन् मंग माज्या मागं बघाय लागली. माज्या मागं, रस्त्याकडं. मी दोन डाव तिच्या डोक्यावर हात फिरीवला, पन ती रस्त्याकडंच बघत हुबी ऱ्हायली. मी यष्टीला निगाले तरी हुबीच व्हती.

आता माजं काय, खोली हाय, मशीन हाय, दोन वेळंला खाते. मशीन त्याच खिडकीत हाय अजून, मालक बदलला, मी खिडकी सोडली न्हाय. माज्या शेजारी लक्ष्मी बसती, दोन लेकरांची आई, तिचा म्हातारा बाप अदनंमदनं सायकलवर येतो, खालीच हुबा ऱ्हातो आन् घंटी वाजवतो, डब्यात काय बाय आनल्यालं असतंय. लक्ष्मी म्हनती, बसू दे त्येला, एवडा गठ्ठा उरकते. मी तिची मशीन माज्या हातानं बंद करते. म्हनते, जा बाई, खाली जा, तुजा गठ्ठा मी शिवते. ती गेली की मी खिडकीतनं बघत बसते. दोघं तेलुगूत बोलत्यात, वरपतूर ऐकू येत न्हाय, डब्याचं झाकन उघडून त्यो तिला काय तरी दावत असतोय. मंग मी मान खाली घालते आन् शिवाय लागते.