बिनविषयाच्या सतरा मेल

जबाब
दिनांक १५ मार्च, दुपारी १२.१०

मी, खाली सही करणार, वय ६६ वर्षे, टपाल खात्याच्या छाटणी विभागातून निवृत्त, राहणार टपाल वसाहत, इमारत क्रमांक तीन, दुसरा मजला, ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी मुलगा व सून यांच्यासह राहतो. वसाहतीत मला टपालकाका म्हणतात. चौतीस वर्षे मी पत्रांची छाटणी केली. माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेल्याची तक्रार नाही. याचा प्रकरणाशी संबंध नाही असे हवालदार साहेब म्हणाले. संबंध आहे, म्हणून लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली.

माझी थोरली बहीण, वय ७१, निवृत्त शिवणशिक्षिका, हिला आम्ही सर्व आक्का म्हणतो. ती नदीपलीकडे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. तिला कमी ऐकू येत असल्याने फोनवर बोलणे होत नाही. एक-दोन दिवसांआड ती मला ईमेल करते. मेलला विषय लिहिण्याची तिला सवय नाही. भावाला लिहायचे त्याला विषय कशाला, असे तिचे म्हणणे.

दिनांक १६ फेब्रुवारी, रविवारी, ती आमच्याकडे जेवायला आली होती. मी सुनेसमोर तिला म्हणालो की, विषय नसलेली मेल म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. त्यावर "मग टाक कचऱ्यात," असे म्हणून ती चहा न घेता निघून गेली.

दिनांक १८ रोजी मी मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन नियम लावला की, विषय नसलेली प्रत्येक मेल थेट जंकमध्ये जावी. लॉटरी लागल्याच्या आणि टकलावर केस आणण्याच्या मेलचा सुळसुळाट झाला होता, त्यातल्या बऱ्याच बिनविषयाच्या होत्या. नियम लावताना आक्का माझ्या डोक्यातही नव्हती, असे मी घरी सांगितले आहे. ते खोटे आहे. माझी समजूत अशी होती की, अशी मेल शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत जाते. टपालात तसेच होते. दोन-चार परत गेल्या की ती मुकाट्याने विषय लिहू लागेल, असा माझा बेत होता. मेल परत जात नाही, जंकमध्ये नुसती पडून राहते आणि पाठवणाऱ्याला काही कळत नाही, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आक्काची मेल आली नाही. ती फुगून बसली आहे असे मी धरून चाललो आणि मीही हट्टाला पेटलो. असे तीन आठवडे गेले. दिनांक ९ मार्च रोजी सुनेने फार आग्रह धरल्यामुळे मी आक्काच्या खोलीवर गेलो. इमारतीचा जिना पाडलेला होता व खोल्या रिकाम्या होत्या. दुरुस्तीसाठी भाडेकरूंना महिनाभर हलवले आहे, कोण कुठे गेले ते माहीत नाही, असे गवंड्याने सांगितले. तिचा मोबाइल बंद होता. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली. त्या दोन दिवसांत मी जेवलो नाही असे सून सांगते. मला आठवत नाही.

दिनांक १२ रोजी सकाळी ११.२० वाजता तक्रारीसोबत दिलेला आक्काचा फोटो तपासण्यासाठी मला संगणकाच्या खोलीत बोलावले. तेथील महिला शिपाई बाईंनी विचारले की, आक्का तुमच्याशी कशी बोलते. मी मेलचे सांगितले. "काका, जंक उघडून बघितलंत का?" असे त्या म्हणाल्या. छाटणी मला शिकवू नका, असे मी घुश्श्यातच सांगितले. त्यांनी राग मानला नाही. खुर्ची सरकवली आणि माझ्याच हाताने ते उघडायला लावले.

आत आक्काच्या सतरा मेल होत्या. पहिलीत, ती मैत्रिणीकडे शेजारच्या जिल्ह्यातल्या गावी राहायला गेल्याचे व तिथला पत्ता लिहिला होता. चौदावीत, ती पायऱ्यांवरून पडली, मांडीचे हाड मोडले, मोबाइल फुटला, माझा नंबर तिला पाठ नाही पण मेलचा पत्ता पाठ आहे, म्हणून मैत्रिणीच्या मोबाइलवरून लिहिते आहे, असे होते. सतरावी आदल्या संध्याकाळची होती. तीत लिहिले होते: "परवा दहा वाजता ऑपरेशन आहे. वयामुळे धोका आहे म्हणतात. फॉर्मवर नातेवाईक म्हणून तुझं नाव घातलंय. नाही जमलं तर मैत्रीण सही करेल. पण तू आलास तर बरं वाटेल."

मला पुढचे वाचता आले नाही. शिपाई बाईंनी उरलेली मेल वाचून, तीत दिलेल्या दवाखान्यात फोन लावून, भाऊ निघाला आहे असा निरोप आक्काला द्यायला सांगितला आणि मला स्वतःच्या दुचाकीवरून बसस्थानकावर सोडले. मी संध्याकाळी ५.४० वाजता पोहोचलो व फॉर्मवर सही केली. नियमाचे सर्व खरे काय ते आक्काला कागदावर लिहून दाखवले. वाचून ती मला "गाढवा" म्हणाली. इतके बरे मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

दिनांक १३ रोजी ऑपरेशन अडीच तास चालले. तेवढ्या वेळात मी बाहेरच्या बाकावर बसून सतराही मेलना एकेक करून उत्तर दिले. दुसरीत तिने सोबत नेलेली कुंडी उन्हात ठेवावी की सावलीत, असे विचारले होते. सावलीत, असे लिहिले. नववीत फक्त "रागावलास का?" एवढेच होते. त्या उत्तराला सर्वांत जास्त वेळ लागला. ते काय लिहिले, हे या जबाबात देण्याची गरज नाही.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. आक्का शुद्धीवर आहे व सर्व उत्तरे तिने वाचली आहेत. तरी माझी तक्रार बंद करावी. शिपाई बाईंनी ती एक खुर्ची सरकवली नसती तर आक्का मला रागावलेला समजूनच आत गेली असती. त्यांचा मी जन्माचा ऋणी आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे व बरोबर आहे. ऋणी असल्याचे वाक्य जबाबात बसत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. ते काढल्यास सही करणार नाही, असे मी सांगितल्यावर राहू दिले.

(सही)