विझलेली चूल

(केजहून आलेली अयोध्या बापाच्या घरी, थंड चुलीपुढं बसली आहे. गहिनीनाथ उंबऱ्यावर. टळटळीत दुपार.)

अयोध्या : आणि किती दिवस चुरमुऱ्यांवर काढणार आहात, आप्पा? वच्छलाकाकूंचा फोन आला नसता तर मला कळलंसुद्धा नसतं.

गहिनीनाथ : वच्छला भाकर देती की शेजारून. उपाशी न्हाई मी.

अयोध्या : आईच्या तेराव्याला मी पेटवली होती ही चूल. त्यानंतर पेटलीच नाही?

गहिनीनाथ : पेटवत हुतो. शाळा उघडल्यावर तुला भेटाया केजला आलतो न्हवं का, तवर.

अयोध्या : मग शाळेत काय झालं?

गहिनीनाथ : तुझा तास चालू हुता. व्हरांड्यात बसलो. तू पोरांना सांगत हुतीस, धूर विरून जातो, पर त्यातली ती हवा जात न्हाई.

अयोध्या : कार्बन डायऑक्साइड.

गहिनीनाथ : तीच. दिसत न्हाई, वास न्हाई. उन्हानं तापलेली जमीन ऊब सोडती, ती ही हवा अडवून धरती. म्हून रातीबी गार होईनात. असंच म्हनलीस ना?

अयोध्या : असंच.

गहिनीनाथ : मंग? तुझी माय टँकरच्या रांगेत बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हनला, दिवसा ऊन आन राती उकाडा, बाईच्या अंगाला इसावाच मिळाला न्हाई. आन मी हितं रोज धूर करीत बसू?

अयोध्या : मी चुलीचं बोलत नव्हते, आप्पा. कोळसा, पेट्रोल, डिझेल, हे सगळं जमिनीच्या पोटात युगानुयुगं गाडलेलं. ते उकरून जाळलं की हवेत नवी भर पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहते. तुम्ही चुलीत घालता कापसाच्या पऱ्हाट्या. कापसानं वाढताना ती हवा वरूनच घेतलेली असते. पुढचं पीक आलं की ते परत घेतं.

गहिनीनाथ : पीक आलं तर.

अयोध्या : हो. आलं तर.

गहिनीनाथ : आन कारखाना? जन्म गेला माझा बॉयलरवर. आपल्या सहकारी कारखान्याचा पयला धूर निघाला तवा सभासदांनी गुलाल उधळलता. तुझी माय तवा नवी नवरी. म्हनायची, लांबून धूर दिसला की वाटतं, तुमी जवळच हाव.

अयोध्या : तिथं उसाची चिपाडंच जाळायचात ना? तीही पऱ्हाट्यांसारखीच.

गहिनीनाथ : ऊस हुता तवर. दुष्काळात ऊस घटला, चिपाडं पुरंनात, तवा सायबानं कोळशाच्या गाड्या मागवल्या. मीच फावड्यानं लोटला आत. त्याचं काय झालं? खोटं बोलू नगंस, मास्तरीण हायेस तू.

अयोध्या : तो अजून वर आहे, आप्पा. बराचसा.

गहिनीनाथ : मंग झालं तर.

अयोध्या : नाही झालं. नीट ऐका. साऱ्या जगातल्या वीजकेंद्रांचा, गाड्यांचा, मोठाल्या शहरांचा धूर आहे तो. त्यात तुमचं फावडं चिमूटभरही नाही. मी आत्ता ज्या जीपनं आले तिचाही आहे. दुष्काळ आधीही पडायचे, बहात्तरचा तुम्ही पाहिलाय. आता त्याच्यावर हे वाढीव ऊन आलंय. आईला कुणा एकानं नाही मारलं.

गहिनीनाथ : कुना एकानं मारलं असतं तर बरं झालं असतं, बाई. त्याच्या दारात जाऊन विचारलं असतं.

अयोध्या : माझ्याकडं राहायला चला, केजला.

गहिनीनाथ : तितं रात गार हाय का?

अयोध्या : नाही.

गहिनीनाथ : मंग हितंच बरा हाय. तिच्या हातानं सारवलेली भुई हाय. पहाटंच्या पारी पाठीला जरा गार लागती.

अयोध्या : मग चूल तरी पेटवू द्या. ती विझवून ठेवल्यानं वर काही फरक पडत नाही. मला पडतो. तुम्ही असे कोरडं खाऊन बसलात, की मला तिकडं पोरांपुढं तोंड उघडवणार नाही.

गहिनीनाथ : तसं करू नगं. पोरांना कळाया पायजे.

अयोध्या : मग?

गहिनीनाथ : पेटव. काड्या वर कोनाड्यात हायेत. च्या टाक.

अयोध्या : टाकते. साखर कमीच घालते.

गहिनीनाथ : कप तीन काढलेस, बाई.