एका रिमोटला दोन मानसं

माझं माहेर येलदरीचं. धरनाच्या पान्यावर आमच्या घरादाराचं पोट. वडील मासे धरायचे आन् मी लहानपनापासून जाळं सांधायची, गाठ मारली का दम लावून आवळायची, ढिली ऱ्हायली तर मासळी गेली म्हनून समजा. ही आवळायची खोड मी लग्न करून गंगाखेडला घेऊन आले, काय सांगू तुमाला, डब्याचं झाकन मी लावलं तर घरात दुसऱ्या कोनाला निघत नसायचं.

मालक साखर कारखान्यात फिटर व्हते. बोलनारा मानूस, लय बोलायचे, जेवताना पन घास हातात तसाच ऱ्हायचा. परभनीला त्यांचे एक दोस्त हायत, बॅटरीचं दुकान हाय त्यांचं, त्यांनी मालकांना हैदराबादला रिमोटच्या गाड्यांची शर्यत बघायला नेलं, तिथून आले ते येडेच होऊन. लेकराच्या खेळन्यातली गाडी न्हाई ती, हातभर लांब, खऱ्या मोटारीसारखी, डांबरीवर अशी पळती का नजर ठरत न्हाई. पन शर्यतीची गाडी तयार येत न्हाई, सुटी येती, पुड्यापुड्यांतून, आपुनच जोडायची. म्हनायचे, दुसऱ्यानं जोडलेली गाडी पळवायची म्हंजे दुसऱ्याच्या हातानं जेवल्यासारखं हाय.

मंग त्यांनी मागवलेलं गाडीचं खोकं आलं, आन् ते फोडायच्या आदीच त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरनं उजवा हात वर उचलून सोडला, तो खाटेवर धपकन पडला, ते मी बघितलं. घरी आनलं तर सारखं भिंतीकडं तोंड. घास घेऊन गेलं का व्हट मिटून घ्यायचे. मला हातापायाची फिकीर न्हवती, खरं सांगते, मला भ्या याचं वाटायचं का ह्या मानसाला आता काहीच नको झालंय. दीर म्हनले, वैनी, ते खोकं लेकरांना खेळायला देऊन टाका, आता कोन जोडनार. मी म्हनलं, भाऊजी, त्याला हात लावायचा न्हाई.

एका दुपारी मीच खोकं फोडलं. त्यांच्या म्होरं परात ठेवली आन् सगळ्या पुड्या एकदमच ओतायला लागले, तसे ते भिंतीकडून वळले. डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मंग एक बोट वर करून दावलं, एका वक्ताला एकच पुडी. संगं चित्रांचं पुस्तक व्हतं, लिहिलेलं मला वाचता येईना, त्यांना बोलता येईना, मंग ते चित्रावर बोट ठेवायचे, मी तसला इस्क्रू हुडकायची, ते डाव्या हातानं धरायचे आन् मी पिळायची. चार शॉकप हायत त्या गाडीला, धक्के झेलायला, करंगळीएवढे, त्यात तेल भरून बुडबुडे वर येऊस्तोर थांबावं लागतं. ते थांबनं मला कोनी शिकवायला नको, पान्याकडं बघत बसन्यात माझं बालपन गेलं.

पन चाकं धरनाऱ्या दांड्या आल्या आन् माझी खोड आडवी आली. मी सवयीनं दम लावून इस्क्रू पिळायलेय, पिळायलेय, तर ते म्हनले, बस. झटका आल्यापासून पैला शब्द, बगा. मी पाना तसाच धरून रडायला लागले. पन त्यांचं ध्यान माझ्याकडं कुठं, त्यांनी दांडी वर उचलली, सोडली, तर ती वरच आडकून ऱ्हायली. माझ्याकडून इस्क्रू जरा ढिला करून घेतला, परत उचलली, सोडली, तशी ती आपल्या वजनानं खाली आली. ती तशीच पडाया पायजे, असं त्यांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून दावलं, तरच गाडी रस्ता धरती. मला दवाखान्यातला हात आठवला. त्या दिवशी माझ्या हातानं दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.

तर गाडी झाली, पन रिमोटला लागतात दोन हात. डाव्या हातात तो धरायचा, त्याच हाताच्या बोटानं वेग द्यायचा, आन् उजव्यानं बारकं चाक फिरवायचं. चाक मी घेतलं. मंग आमी दोघं हैदराबादला शर्यतीला गेलो, तिथं नाव लिहिनारा म्हनला, ताई, एका रिमोटला एकच मानूस. मी म्हनलं, एकाचंच नाव लिहा, त्यांचं, माझा फकस्त उजवा हात हाय. तवा बाकीचे शर्यतवालेच म्हनले, पळू द्या. वळन आलं का सांगायला त्यांना वाचा न्हाई, पन ते बोट ढिलं सोडायचे, मोटारीचा आवाज उतरायचा, की मी चाक फिरवायची. दोनदा धडकवली मी. शेवटचा नंबर आला आमचा. रेल्वेत येताना मालक खोकं मांडीवर घेऊन बसले, मी मागितलं तर देईनात.

आता सांजच्याला गाडी घराम्होरच्या सिमेंटच्या रस्त्यावर पळवतो आमी. ‘बस’ सोडून दुसरा शब्द काही आला न्हाई, आन् येईल असं डॉक्टर म्हनत न्हाई. ऱ्हाऊ द्या, देवानं येवढं तरी ठिवलं. गाडी काढायच्या आदी मी चारी दांड्या उचलून सोडून बघते, आन् संगंच त्यांचा उजवा हात पन उचलते, सोडते. तो खाली पडतोच. पन आजकाल पडायच्या आदी जरासा थांबतोय, असं मला वाटायलंय. डॉक्टरला मी अजून इचारलं न्हाई.